तीन जीबी रिकामी जागा

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बिल्ड तिसऱ्यांदा आपटलं. पडद्यावर तीच लाल ओळ आली: जागा शिल्लक नाही. मी म्हटलं, "घ्या. झालं समाधान?" हे मी नक्की कोणाला म्हटलं ते मला ठाऊक नाही, पण शेजारच्या खुर्चीवर एकमिनिट बसली होती, त्यामुळे ते तिलाच लागलं असणार.

एकमिनिट हे काही तिचं नाव नाही. सहा वर्षं ती तळमजल्यावर मदतीच्या फोनवर होती. प्रिंटर चालत नाही, पासवर्ड विसरलो, माउस हलत नाही, असले फोन. प्रत्येक फोनला ती "एक मिनिट हं" म्हणून सुरुवात करायची आणि बहुतेक वेळा खरंच मिनिटभरात समोरच्याचं काम उरकून द्यायची. इमारतभर तिला तेच नाव पडलं. आठ महिन्यांपूर्वी ती खात्याची परीक्षा देऊन वर आली, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या हाताखाली. मला इथे सगळे मास्तर म्हणतात. मी जन्मात कधी शाळेत शिकवलेलं नाही. साधी गोष्ट सांगतानाही माझा तास सुरू होतो असं लोकांचं म्हणणं आहे. असेल बुवा.

तर आमचं काम काय ते सांगतो. पाणी तपासणाऱ्या सोळा प्रयोगशाळा आमच्या खात्याच्या आहेत. विहिरीचं, नळाचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून तिथे येतं, यंत्रं ते तपासतात आणि कॉम्प्युटर त्याचा अहवाल काढतो. सोळा ठिकाणी सोळा तऱ्हांचे कॉम्प्युटर. प्रत्येकावर जाऊन वेगळं बसवत बसलो तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून आम्ही इथेच, मोठ्या सर्व्हरच्या पोटात, एक कॉम्प्युटर तयार करतो. तो हाताला लागत नाही, पण चालतो अगदी खऱ्यासारखा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची डिस्क म्हणजेही एक भलीमोठी फाइलच असते, तिला आम्ही इमेज म्हणतो. ती एका साच्यातून तयार होते. आधी साचा उघडायचा, त्यात एकेक प्रोग्राम बसवायचा, शेवटी झाकण लावायचं, की त्याच्या सोळा प्रती सोळा ठिकाणी जायला मोकळ्या. हे सगळं आपोआप चालतं आणि त्याला चाळीस मिनिटं लागतात. त्यालाच बिल्ड म्हणायचं. डिस्कचं माप बारा जीबी. ते मी ठरवलेलं, कारण सगळ्यात जुन्या तीन प्रयोगशाळांतल्या खटाऱ्यांवर त्याहून मोठी डिस्क बसत नाही.

सोमवारपासून प्रयोगशाळांत नवा अहवाल-प्रोग्राम लागणार होता आणि तो जुन्यापेक्षा अंगाने चांगलाच दांडगा होता. इमेज शुक्रवारी तीनपर्यंत तयार हवी होती, आणि चार वाजता बैठक होती. बैठकीत एकच विषय: इमेज करण्याचं काम आपल्याकडे ठेवायचं की बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचं. बाहेर गेलं तर मला काही फरक पडत नव्हता. माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते, कुठल्याही खुर्चीवर बसून काढले असते. एकमिनिटला मात्र परत तळमजल्यावर जावं लागलं असतं. ही इमेज तिची होती, वर आल्यावर तिने एकटीने हातात घेतलेलं पहिलं काम. "सर, मला खाली जायचं नाही," एवढं ती मला एकदाच म्हणाली होती, सोमवारी, जिन्यात. आवाज चढवून वगैरे नाही. पण मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की तिच्या दृष्टीने हे काय आहे.

सव्वादहाला आमचे साहेब आले. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बूट मात्र नेहमी चकचकीत.

"मास्तर, मला तर सर्व्हरवर चारशे जीबी मोकळी दिसतेय," ते म्हणाले.

"साहेब, घर चार खोल्यांचं असलं म्हणून पिठाच्या डब्यात जास्त पीठ मावतं का? हा डबा बारा जीबीचा आहे."

"मग डबा मोठा घ्या."

"मोठा घेतला तर सोळातल्या तीन ठिकाणी फडताळात बसणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. हल्लीच्या लोकांना ते जमत नाही." हल्लीचे लोक म्हणताना मी एकमिनिटकडे बघितलं नाही, पण बघायची गरजही नव्हती.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तिला विचारलं, "मॅडम, होईल ना तीनपर्यंत?"

"होईल," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी तिचा तास घेतला. आमच्या वेळी दोन जीबीत आम्ही अख्खी प्रयोगशाळा बसवायचो. तुम्ही लोक येईल ते भरता. एका पॅकेजबरोबर दहा पॅकेजं फुकट आली की तीही घेता. बसवून झाल्यावर उरलेल्या फायली कोण काढणार, तुमचा काका? तिने निमूटपणे ऐकून घेतलं. वास्तविक तिने त्या आधीच काढल्या होत्या. मदतीच्या पुस्तिका काढल्या, नको असलेले फॉन्ट काढले, कामाच्या नोंदींचे जुने लॉग पुसले, असं करत करत आठशे एमबी मोकळे केले होते. ते मला यादीत दिसत होतं. तरी तास पुरा केला मी.

मग ती म्हणाली, "सर, बेरीज जुळत नाहीये. सगळ्या फोल्डरांची मिळून नऊ जीबी होतात. डिस्क म्हणते बाराच्या बारा भरली. बुधवारी मी तुम्हाला विचारलं होतं ना, ते—"

"बुधवारचं बुधवारी गेलं. आज काय दिसतंय ते बघ."

मग तळमजल्यावरून फोन आला की जुन्या पासवर्डांचं काहीतरी अडलंय आणि तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही, तिला पाच मिनिटं पाठवा. सुटका झाल्यासारखी ती उठून गेली. खरं म्हणजे सुटका माझी झाली. कोणी शेजारी बसलेलं असलं की मला नीट विचार करता येत नाही, मी नुसता बोलत सुटतो.

एकटा बसून मी बेरीज केली. नऊच आली. पुन्हा केली, पुन्हा नऊ. पोरगी बरोबर होती. तीन जीबी कुठेतरी गडप होते आणि यादीत दिसत नव्हते. अशा वेळी आमच्या धंद्यात दोनतीन ठरलेल्या जागा बघायच्या असतात. पुसलेली फाइल कोणी अजून धरून बसलंय का? नाही. लहान लहान फायलींचा लाखोंनी सुळसुळाट झालाय का? नाही. मग तिसरी जागा. एखादं फोल्डर असतं, त्यावर नंतर दुसरी डिस्क आणून जोडलेली असते. भिंतीतल्या कपाटासमोर दुसरं कपाट उभं करावं, तसं. मग त्या नावाने गेलं की समोरचं कपाट उघडतं. मागचं आहे, त्यातलं सामानही आहे, त्याने जागाही अडवली आहे, पण दिसत कोणालाच नाही.

आमच्या इमेजमध्ये असं एकच फोल्डर होतं, डेटा नावाचं. अहवाल वेगळ्या डिस्कवर ठेवायचे असा नियम तीन वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा त्यावर ती दुसरी डिस्क जोडली गेली. कोणी जोडली? मी. मी ती सोडवली आणि मागचं कपाट उघडलं.

आत एक फाइल होती. नाव राखीव. माप बरोबर तीन जीबी. तारीख साडेपाच वर्षांपूर्वीची. कोणी केली त्या रकान्यात माझं नाव.

मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

त्या फाइलमध्ये काही नव्हतं. नुसती शून्यं. आमच्यातल्या काही जुन्या लोकांची ही रीत आहे: डिस्कवर एक रिकामी फाइल मुद्दाम करून ठेवायची. पुढे कधी अचानक जागा संपली आणि मशीन अडून बसलं, तर ती फाइल पुसायची, की तेवढ्यापुरता श्वास घ्यायला जागा मिळते, मग सावकाशीने खरं दुखणं शोधायचं. मला ही रीत कोणी शिकवायची गरज नव्हती. ती माझ्या घरातच होती.

लहानपणी आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं राहत होतो. सामान इतकं, की कपडे खुर्चीवर आणि खुर्ची पलंगावर. त्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती, कायम कुलूपबंद. आम्हा भावंडांना वाटायचं आईने त्यात काहीतरी घबाड दडवून ठेवलंय. धाकट्याची तर खात्री होती की त्यात बिस्किटं आहेत. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन गेली आणि दीड वर्षाने एका दुपारी दोन बोचकी घेऊन दारात उभी राहिली. तिच्या ओठावर टाका होता. आईने तिला एका शब्दाने काही विचारलं नाही. पलंगाखालून ट्रंक ओढली, किल्लीने उघडली. आत काहीच नव्हतं. तळाला वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला, बस. "ठेव यात तुझं," आई म्हणाली. इतकी वर्षं त्या चेंगराचेंगरीत तिने एक अख्खी ट्रंक रिकामी राखली होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आईबद्दल मला इतका अभिमान पुन्हा कधी वाटल्याचं आठवत नाही.

म्हणून मीही राखीव ठेवली. आणि आईसारखाच कोणाला बोललो नाही, म्हटलं, वेळ येईल तेव्हा मी उघडीन. मग त्यावर दुसरं कपाट उभं केलं आणि साफ विसरून गेलो. आणि आता त्याच ट्रंकेमुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी दुसऱ्याच्या पोरीला अंथरूण-पायाच्या म्हणी ऐकवत होतो. काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात, ते हे.

मी फाइल पुसली. बिल्ड सुरू केलं. चाळीस मिनिटं मी पडद्यासमोर बसून राहिलो. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ते पार पडलं, आणि दोन जीबींच्या वर जागा मोकळी राहिली.

साहेबांना कोणी सांगितलं कोण जाणे, ते धावतच आले. "मास्तर! झालं? अहो, तुम्ही म्हणजे तुम्हीच. काय होतं काय?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य अवघड नव्हतं. चार शब्दांचं होतं: माझीच फाइल पडली होती.

"कचरा होता," मी म्हटलं. "काढला."

"तीन दिवस मॅडमना दिसला नाही आणि तुम्ही तासाभरात काढला. अनुभव तो अनुभव." त्यांनी आवाज खाली आणला. "आता खरं सांगू का? चारच्या बैठकीत मी हेच सांगणार. अकरा महिने इमेज मास्तरांकडे राहू दे, पुढे बाहेर देऊ. मॅडमना जरा घाईच केली आपण वर आणायला. फोनवर त्या छान होत्या. सोमवारपासून परत तिकडे पाठवू, त्यांनाही बरं पडेल."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी केलं, आणि साहेबांनी ते होकारात जमा केलं.

साडेबाराला एकमिनिट वर आली. पडद्यावरची हिरवी ओळ तिने दारातूनच बघितली आणि तिचा चेहरा असा काही खुलला की मी लॉगमध्ये डोकं घातलं.

"झाली! सर, झाली! काय निघालं?"

"कचरा."

ती माझ्या खांद्यावरून वाकून लॉग वाचायला लागली. पुसलेल्या फाइलचं नाव तिथे होतंच, पंधराव्या ओळीत, लपवायचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती त्या ओळीवर थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती सरळ उभी राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली आणि आपल्या टेबलावर जाऊन सोळा प्रयोगशाळांच्या याद्या लावायला लागली. साहेब तिच्याबद्दल काय ठरवून गेलेत हे तिला अजून माहीत नव्हतं.

ती त्या ओळीवर का थांबली, हे माझ्या डोक्यात घोळायला लागलं. मी मेसेज उघडले आणि बुधवारपर्यंत मागे गेलो. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिने मला लिहिलं होतं:

"सर, साच्यात डेटा फोल्डरच्या मागे राखीव नावाची तीन जीबीची फाइल सापडली. आत फक्त शून्यं आहेत. तारीख तुमच्या वेळची आहे. तुमची आहे का? काढू का?"

आणि त्याखाली माझं उत्तर, दोन मिनिटांनी:

"जे कळत नाही त्याला हात लावू नकोस. आधी आपला कचरा काढ."

त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. मी तिचा मेसेज धड वाचलाही नव्हता. पहिली ओळ वाचली आणि फटकारलं. पण दाढ तर काय, आयुष्यभर कधी ना कधी कोणाची ठणकतच असते. खरी गोष्ट एवढीच की तिला बुधवारीच सापडलं होतं. तिने विचारलं होतं, आणि विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवणारा मीच होतो. मी नको म्हटलं म्हणून तिने हात लावला नाही, आणि ती फाइल तशीच ठेवून, आठशे एमबी आपल्या नखांनी खरवडून काढले. आज सकाळी ती पुन्हा सांगायला गेली, तर मी म्हटलं बुधवारचं बुधवारी गेलं.

आणि तिच्याकडे हे सगळं लेखी होतं. साहेबांना तिने नुसतं पाठवलं असतं तरी माझी शोभा झाली असती. तिने पाठवलं नाही. मला याचाच जास्त राग आला. तिचा नाही, स्वतःचा.

एक वाजता अक्काचा फोन आला. तो रोज येतो. बायको गेल्यापासून घरात मी आणि अक्का दोघंच, आणि मी जेवलो की नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय तिला घास गिळत नाही.

"जेवलास?"

"जेवतो."

"म्हणजे नाही जेवलास. काय झालंय?"

"काही नाही गं."

"तुझं काही नाही मला पाठ आहे. बोल."

मी म्हटलं, "अक्का, आईची ट्रंक आठवते का तुला? ती पलंगाखालची. रिकामी."

"आज कुठून काढलीस ट्रंक?"

"सहज. आईने किती वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही, याचं कौतुक वाटलं."

"कोणाला नाही कसं? मला माहीत होतं की."

"तुला? कधीपासून?"

"लग्नाच्या आदल्या दिवसापासून. आईने मला आतल्या खोलीत नेलं, ट्रंक उघडून दाखवली. म्हणाली, ही बघ, रिकामी आहे. किल्ली घड्याळाच्या मागे असते. कधी वाटलं तर ये, जागा आहे. सामान कुठे ठेवशील याची काळजी करू नकोस." अक्का नेहमीच्याच आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "त्या घरात रात्र रात्र मी त्या घड्याळाचा विचार करायचे. तिने मला सांगितलं नसतं ना, तर मी आलेच नसते रे. त्या दोन खोल्यांत पाच माणसांच्या डोक्यावर कुठे येऊन पडू, म्हणून तिथेच राहिले असते. मेले असते कदाचित. ट्रंकेने नाही काही केलं. सांगितलं म्हणून झालं सगळं."

चाळीस वर्षं मी ही गोष्ट चुकीची सांगत आलो होतो. बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली, दर वेळी शेवट तोच: आणि आईने कोणालाही पत्ता लागू दिला नव्हता. जिच्यासाठी ट्रंक ठेवली तिला तो पत्ता पहिल्यापासून होता, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"ऐकतोयस ना?" अक्का म्हणाली.

"ऐकतोय."

"मग जेव आता."

मी जेवलो नाही. तीन वाजता इमेज गेली. एकमिनिटने सोळाच्या सोळा ठिकाणी फोन करून पोचल्याची खात्री करून घेतली, प्रत्येक फोनला "एक मिनिट हं" म्हणत. पावणेचारला साहेबांनी तिला बोलावून सोमवारचं सांगितलं. ती परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. तिने खण उघडला आणि आपल्या वस्तू एका पिशवीत भरायला लागली. चार्जर, डबा, एक चहाचा मग, आणि पोराने काढलेलं चित्र, जे आठ महिने माझ्या समोरच्या भिंतीवर होतं आणि मी ते कधी धड बघितलं नव्हतं. निळ्या रंगाची इमारत होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई होती आणि तिच्याकडे बाण काढून लिहिलं होतं: आई.

"ती पिशवी राहू दे," मी म्हटलं.

"का सर?"

"राहू दे म्हणतो ना."

बैठक दुसऱ्या टोकाच्या खोलीत होती. लांब टेबल, तीन वरिष्ठ, साहेब, आणि पाण्याच्या बाटल्या. मला बोलावलं नव्हतं. मी दार ढकलून आत गेलो, तेव्हा साहेब म्हणत होते की अनुभवी माणसाला एका तासात जे सापडलं—

"ते मला सापडलं नाही," मी म्हटलं. "ते मी ठेवलं होतं."

सगळ्यांनी वर बघितलं. साहेब म्हणाले, "मास्तर, आपण नंतर—"

"नंतर नाही साहेब, आत्ताच. माझा तास लहान आहे आज." आणि मी मोबाइल काढून दोन्ही मेसेज मोठ्याने वाचले. आधी तिचा, मग माझा. तारखा आणि वेळांसकट. माझा वाचताना आवाज जरा चिरकला, पण वाचला. मग सांगितलं की फाइल माझी, तिच्यावर झाकण घातलेलं माझं, विसरलो मी, आणि सकाळी साहेबांनी विचारल्यावर कचरा म्हणून खोटं बोललो तेही मीच. मॅडमना हे बुधवारी सापडलं होतं. मी गेल्या साडेपाच वर्षांत एकदाही तिथे बघितलं नव्हतं.

बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज तेवढा आला. मग तिघांतल्या वयाने मोठ्या बाई होत्या, त्यांनी विचारलं, "मग कचरा काढला कोणी म्हणायचं?"

"फाइल मी पुसली. शोधली त्यांनी."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांचंही चूक नव्हतं, मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी शब्द काढला नाही, आणि तो त्यांचा हक्क होता. बैठकीत ठरलं ते असं: इमेज खात्याकडेच राहील, आणि ती मॅडमच्या सहीने निघेल. माझं काय, हा प्रश्न आला तेव्हा साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले की खाली फोनवर एक माणूस कमी पडतोय.

सोमवारी मी तळमजल्यावर जाऊन बसलो. खिडकी नाही, पंखा कुरकुरतो, आणि टेबलाच्या काचेखाली एकमिनिटच्या अक्षरात लिहिलेला कागद अजून होता: कोणाचा पासवर्ड कुठे अडतो, कोणता प्रिंटर थोपटला की चालतो, कोण फोनवर आधी ओरडतं आणि मग गोड बोलतं. सगळं लिहून ठेवलेलं, मागून येणाऱ्यासाठी. सकाळभरात मला त्याचा अकरा वेळा उपयोग झाला. घरी अक्काला सांगितलं की मला खाली बसवलं. ती म्हणाली, "बरं झालं, जिने वाचले गुडघ्यांचे," आणि वर काही विचारलं नाही.

मंगळवारी, अकराच्या सुमाराला, वरून फोन आला.

"सर, मी बोलतेय. साचा पुन्हा बांधतेय. तुमची राखीव मी परत ठेवतेय त्यात. तीन नाही, एकच जीबी. चालेल?"

"तुझा साचा आहे," मी म्हटलं. "मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये, सांगतेय. कुठे ठेवली ते तुम्हालाही माहीत असलेलं बरं. मी रजेवर असले आणि जागा संपली, तर लोक फोन खालीच करणार ना? लिहून घेताय?"

टेबलावर पेन सापडेना. कागद होता, पेन नव्हतं, मी खणात हात घातला.

"सर? आहात ना?"

"एक मिनिट हं," मी म्हटलं.